मोझेलच्या काठाने, सावकाश

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या सायकल-वाटेबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. काठावर द्राक्षमळे, मध्ये छोटी गावं, रस्ता जवळजवळ सपाट, एवढंच. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा पाहून या वेळचं सदर पूर्णपणे मोझेलला दिलं आहे. पुण्यात जर्मन शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि सुट्ट्यांमध्ये जमेल तेव्हा मी या नदीकाठी गेले, त्यामुळे या विषयावर लिहिताना हात आखडत नाही.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, पत्नी ५८ वर्षांची. दर रविवारी सहकारनगरहून खडकवासल्याला सायकलने जाऊन येतो. एका टूर कंपनीने आम्हाला ट्रीयर ते कोब्लेन्त्स हा मोझेलचा प्रवास चार दिवसांत बसवून दिला आहे, रोज सरासरी पन्नास किलोमीटर. आम्हाला झेपेल का?

झेपेल. खडकवासल्याला जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात, तेही सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून. मोझेलकाठी चढ नावालाच आहे. ट्रीयर ते कोब्लेन्त्स दोनशे किलोमीटरच्या आसपास जाताना नदी शंभर मीटरही उतरत नाही, आणि बराचसा रस्ता सायकलींसाठी वेगळा आहे. पण माझं ऐकाल तर चार दिवसांचा कार्यक्रम घेऊ नका. दहा दिवस काढा. दहा जमत नसतील तर अंतर कमी करा, दिवस कमी करू नका.

हे मी इतकं ठासून सांगते याचं कारण नदीच्या वळणांमध्ये आहे. ट्रीयरहून कोब्लेन्त्स सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, आणि नदी त्याच्या दुप्पट अंतर कापते. त्राबेन-त्रारबाखहून डोंगर चढून पलीकडे उतरलात तर दोन-अडीच तासांत पायी बेर्नकास्टेलला पोचता, नदीकाठाने मात्र हेच अंतर वीस किलोमीटरच्या पुढे जातं. एलर आणि कोखेम यांच्यामध्ये १८७९ साली सुरू झालेला रेल्वेचा बोगदा आहे, चार किलोमीटरहून थोडा लांब. आगगाडी चार-पाच मिनिटांत पलीकडे जाते. तेवढ्यासाठी नदी वीसहून अधिक किलोमीटरचा वळसा घेते, आणि त्या वळशात बाइलश्टाइन आहे. माझ्या मते सगळ्या मोझेलवरचं सर्वांत देखणं गाव. ज्याला पोचायचं आहे त्याच्यासाठी बोगदा आहेच. सायकलवर जायचं ते वळशासाठी.

आता मी कसा बेत आखेन ते सांगते. ट्रीयरला दोन रात्री. शहर रोमनांचं, पोर्टा निग्रा हा काळवंडलेला दगडी दरवाजा दुसऱ्या शतकातला. कार्ल मार्क्सचा जन्मही इथलाच, १८१८ सालचा, आणि ते घर आता संग्रहालय आहे. पण तुम्ही सायकलवाले, तुम्ही आधी ऱ्हाइनिशेस लांडेसम्यूझेउम हे संग्रहालय पाहा. नॉयमागेन गावात १८७८ साली सापडलेलं दगडी जहाज तिथे आहे. वल्ही मारणारे खलाशी, मध्ये रचलेली दारूची पिंपं, सगळं एकाच शिल्पात. कुणा रोमन व्यापाऱ्याच्या थडग्यावर ते बसवलेलं होतं. ते डोळ्यांत साठवून दुसऱ्या दिवशी त्याच नदीकाठाने नॉयमागेनपर्यंत गेलात की द्राक्षं इथे कधीपासून आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. थोडं पुढे पीस्पोर्टला डोंगराच्या पायथ्याशी रोमन काळातला द्राक्षं पिळण्याचा घाणाही सापडला आहे.

पहिला मुक्काम नॉयमागेन किंवा पीस्पोर्ट, चाळीसेक किलोमीटर. दुसरा बेर्नकास्टेल-कूस, जेमतेम वीस-पंचवीस, आणि तिथे दोन रात्री. गर्दी बेर्नकास्टेलच्या बाजूला असते, लाकडी पट्ट्यांच्या घरांच्या चौकात. तुम्ही पूल ओलांडून कूसला जा. निकोलाउस फॉन कूस हा १४०१ साली इथे जन्मलेला तत्त्वज्ञ आणि कार्डिनल. त्याने स्थापन केलेला वृद्धाश्रम आजही चालू आहे, आणि त्याचा खर्च चालवायला संस्थेचे स्वतःचे द्राक्षमळे आहेत. पाचशेहून अधिक वर्षं! मला ही गोष्ट कुठल्याही किल्ल्यापेक्षा मोठी वाटते.

बेर्नकास्टेलहून निघालात की काही किलोमीटरवर वेलेन गावासमोरच्या मळ्यात, डोंगरउतारावर, एक मोठं सूर्यघड्याळ दिसेल. १८४२ साली मळ्यातल्या माणसांना वेळ कळावी म्हणून बसवलेलं. तिथे थांबा. पुढे त्राबेन-त्रारबाख, मग त्सेल, मग ब्रेम. ब्रेमच्या वरचा काल्मोंट हा युरोपातल्या सर्वांत उभ्या द्राक्षमळ्यांपैकी एक आहे, काही ठिकाणी उतार ६५ अंशांपर्यंत. खालून पाहताना माणूस वर उभा कसा राहत असेल हेच कळत नाही. बाइलश्टाइनला एक रात्र राहाच. दिवसा पर्यटक बोटींनी येतात आणि संध्याकाळी निघून जातात, मग गाव तुमचं. तिथून कोखेम दहा-बारा किलोमीटर. वाटेत फांकेलला जलपाश आहे. मोठी मालवाहू नाव आत शिरते, दरवाजे बंद होतात, पाणी उतरतं, नाव खाली जाते. अर्धा तास बघत बसा. १९६४ साली नदीवर असे बांध-जलपाश पुरे झाले आणि मोझेल मोठ्या नावांना खुली झाली. पाणी इतकं संथ दिसतं ते त्यामुळेच.

कोखेममध्ये वाड्याकडे सगळेच जातात. तो १६८९ साली फ्रेंचांनी उडवला आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधला गेला. जाऊन या, तास पुरेल. त्याहून नदीजवळच्या घरांच्या भिंतींवर कोरलेल्या पुराच्या खुणा नीट पाहा, या सगळ्याच गावांत त्या आहेत. १७८४, १९९३, अशी सालं आणि त्यापुढे एक रेघ, कधी डोक्याच्याही वर. १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पुणेकराला त्या रेघेचा अर्थ लगेच कळतो. शेवटी कोब्लेन्त्स, जिथे मोझेल ऱ्हाइनला मिळते. कोखेमहून ते पन्नासेक किलोमीटर आहे. हा टप्पा तुम्हाला लांब वाटला तर मध्येच कुठल्याही स्टेशनवर सायकली गाडीत चढवा. तसंच वर ट्रीयर ते बुलाय या भागात उन्हाळ्यात सायकली नेणारी बस धावते, तिला रेगिओराडलर म्हणतात. दोघांपैकी एकाचे गुडघे कुरकुरले तर एक बसने, एक सायकलने, असंही खुशाल करा.

प्रश्न : आम्ही कोथरूडच्या पाच मैत्रिणी, शाकाहारी, दोघी अंडंही खात नाही, आणि दारूला कुणीच शिवत नाही. वाईनच्या मुलखात जाऊन आम्ही करायचं काय? आणि खायचं काय?

द्राक्षमळ्यांत फिरायला वाईन प्यावी लागत नाही. जवळजवळ प्रत्येक मळेवाला स्वतःच्या द्राक्षांचा रसही काढतो, ट्राउबेनझाफ्ट नावाने मागा. आपल्याकडच्या बाटलीबंद रसाशी त्याचा संबंध नाही. आंबटपणा जिवंत असतो आणि गोडी मागून येते. एन्किर्शच्या एका मळेवालीने मला दोन वेगवेगळ्या उतारांवरचे रस शेजारी-शेजारी ठेवून चाखायला दिले होते. दोन्हींतला फरक मलासुद्धा कळला, हे पाहून ती जेवढी खूश झाली तेवढी एखादी पेटी विकूनही झाली नसती. सप्टेंबरात गेलात तर मळ्यांच्या कडेला होणारे लाल गराचे पीच मिळतील, त्यांचा जॅमही. एक सावधगिरी : त्याच दिवसांत फेडरवायसर नावाचं गढूळ, गोडसर पेय जागोजागी दिसतं. तो रस नव्हे, आंबत असलेली वाईन आहे.

खाण्याचं सांगते. फ्लामकूखेन म्हणजे पातळ पोळीवर साय आणि कांदा लावून भट्टीत भाजलेला प्रकार. नेहमीच्यात डुकराचं मांस असतं, म्हणून ‘ओने श्पेक’ असं स्पष्ट म्हणा. भाजीवाला प्रकारही बहुतेक ठिकाणी मिळतो. रायबेकूखेन म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली थापी, सफरचंदाच्या गराबरोबर खातात. पण त्यात बहुधा अंडं असतं, तेव्हा त्या दोघींनी विचारूनच घ्यावं. सूप भाजीचं असलं तरी पाणी मांसाचं असू शकतं, तेही विचारा. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या २४ तारखेपर्यंत पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो. उकडलेले बटाटे आणि लोण्याबरोबर घ्या, होलांडेझ सॉसमध्ये अंडं असतं.

तरीही मी म्हणेन, दोन-तीन मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या खोल्यांचे घ्या, त्यांना फेरीनवोनुंग म्हणतात. पाच जणींना ते स्वस्तही पडतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चटण्या न्या. तूप, पेढे, खवा मात्र न्यायचे नाहीत. युरोपीय संघात बाहेरून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी दुपारीच भाजी, दूध, ब्रेड भरून ठेवा. दुपारी अडीच-तीननंतर गावातली बरीच स्वयंपाकघरंही बंद होतात. सायकलच्या पिशवीत भाकरीसारखं काहीतरी टिकाऊ असू द्या.

प्रश्न : नारायणगावजवळ आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, शरद आणि थॉमसन या जातींची. मुलगी जर्मनीत शिकते, तिच्याकडे जाणार आहे. सायकल शाळेनंतर चालवलेली नाही. बागायतदाराने तिथे काय बघावं?

तुमचं पत्र सगळ्यांत आवडलं. तुम्ही जे बघाल ते मी बघू शकत नाही. तरी वर्षानुवर्षं तिथल्या मळेवाल्यांशी गप्पा मारून जे कानावर पडलं ते सांगते. मुलीला दुभाषी म्हणून सोबत घ्या.

पहिली गोष्ट, मांडव दिसणार नाही. जुन्या उभ्या मळ्यांमध्ये प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब असतो आणि दोन काड्या वाकवून खांबाला अशा बांधतात की बदामाचा आकार तयार होतो. तारांवर ओळी लावलेले मळेही आहेत, विशेषतः कमी उताराच्या जागी. दुसरी गोष्ट, छाटणी एकदाच. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन कराव्या लागतात. तिथे हिवाळ्यात वेल पूर्ण निजते, पानं गळतात. जानेवारी ते मार्चमध्ये छाटून घेतात, एप्रिलच्या सुमारास डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा आणि तोडणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत. रीझलिंग ही तिथली मुख्य जात उशिरा पिकते. तुम्हाला अवकाळी आणि गारपिटीची धास्ती, त्यांना डोळे फुटल्यावर पडणाऱ्या, कोंब गोठवणाऱ्या दहिवराची. मेच्या मध्यापर्यंत त्यांना झोप नसते. डावणी आणि भुरी दोन्हीकडे सारखेच छळतात. अमेरिकेतून हे रोग युरोपात एकोणिसाव्या शतकात गेले, आणि तुम्ही मारता ते बोर्डो मिश्रण त्याच झगड्यात फ्रान्समध्ये सापडलं.

तिसरी गोष्ट म्हणजे माती. खरं तर मातीच नाही. शाळेत आपण ज्या दगडी पाटीवर लिहायचो तोच दगड, त्याचे काळे-निळे तुकडे उतारभर पसरलेले. दिवसा ते तापतात आणि रात्री ऊब सोडतात. पाणी साचू देत नाहीत. मोझेल उत्तरेला ५० अंश अक्षांशाजवळ आहे, तिथे द्राक्ष पिकायचं तर ऊन जितकं मिळेल तितकं गोळा करावं लागतं. म्हणून मळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या उतारांवर, म्हणजे सूर्याचे किरण जमिनीवर सरळ पडतात. समोरच्या, सूर्याकडे पाठ केलेल्या काठावर बहुतेक ठिकाणी नुसतं रान दिसेल. ट्रॅक्टर या उतारांवर चढत नाही. दात्यांच्या एका रुळावर धावणारी छोटी गाडी माणसं आणि पेट्या वर नेते, आणि अनेक ठिकाणी फवारणी हेलिकॉप्टरने होते. तोडणी हाताने. कष्ट इतके आणि भाव तेवढा नाही, त्यामुळे वरचे कित्येक मळे पडीक झाले आहेत. झुडपं माजलेले ते पट्टे पाहून माझ्या पोटात तुटतं. तुम्हाला त्याहून अधिक कळेल.

आणखी एक विचारा : कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवरच्या जुन्या वेली कुठे आहेत? एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपभरचे मळे संपवले आणि तेव्हापासून सगळीकडे अमेरिकन खुंटावर कलम करतात. तुम्ही डॉगरिज खुंट वापरत असाल तो क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. तिथे कारण ही कीड. पण मोझेलच्या पाटीच्या दगडात ती नीट पसरत नाही, त्यामुळे काही मळ्यांत शंभरी गाठलेली खोडं अजून स्वतःच्या मुळांवर उभी आहेत. मळेवाला अभिमानाने दाखवेल. गोडी ते ब्रिक्समध्ये नाही, एक्सले अंशांत मोजतात. ८० एक्सले म्हणजे साधारण १९ ब्रिक्स. तुम्ही हे आकडे बोललात की पुढची दारं आपोआप उघडतील, आणि तुमच्याकडे एकरी किती घड ठेवता हे तुम्हालाच सांगत बसावं लागेल.

सायकल सुटली आहे तर बॅटरीवाली भाड्याने घ्या. ती ताशी २५ किलोमीटरपर्यंतच जोर देते आणि तिला परवाना लागत नाही. तुमच्यासाठी बेर्नकास्टेल ते त्राबेन-त्रारबाख एवढाच टप्पा पुरे. त्यातच तीन दिवस घालवा.

प्रश्न : मी कर्वेनगरला राहून इंजिनिअरिंग करतो. मित्रांबरोबर गावोगावी थांबत, वाईन चाखत मोझेल करायचा विचार आहे. स्वस्तात कसं होईल?

तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, म्हणून सरळ सांगते. चाखत-चाखत सायकल चालवायची नाही. जर्मनीत रक्तात १.६ प्रति हजार अल्कोहोल असताना सायकल चालवणं हा गुन्हा आहे, झोकांड्या जात नसल्या तरी. आणि तोल गेला किंवा अपघात झाला तर ०.३ लाही खटला होऊ शकतो. शिवाय शेजारी नदी आहे. मुक्कामी पोचा, सायकलला कुलूप लावा, मग चाखा. मोझेलच्या गोडसर ‘काबिनेट’ वाईनमध्ये अल्कोहोल बहुधा ८-९ टक्केच असतं, ती सावकाश प्यायला बरी. बाटलीवर ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, ‘फाइनहेर्ब’ म्हणजे मधली.

स्वस्तासाठी युगेंडहेर्बेर्गे, म्हणजे तरुणांची वसतिगृहं. ट्रीयर, बेर्नकास्टेल-कूस, त्राबेन-त्रारबाख, कोखेम सगळीकडे आहेत, आणि कोब्लेन्त्सचं तर ऱ्हाइनपलीकडच्या एरेनब्राइटश्टाइन किल्ल्यात आहे. सदस्यत्व आधी काढून ठेव. आणि दारावर झाडाची फांदी किंवा झाडू टांगलेला दिसला की आत शीर. तो श्ट्राउसविर्टशाफ्ट. मळेवाल्याला वर्षातले चार महिने, चाळीस खुर्च्यांपर्यंत, स्वतःच्या अंगणात स्वतःची वाईन आणि साधं जेवण विकायची मुभा असते. मोठ्या हॉटेलपेक्षा बिल कमी आणि शेजारच्या बाकावर गावातलीच माणसं.

प्रश्न : व्हिसा, महिना आणि सायकल, तिन्हींबद्दल थोडक्यात सांगाल का? (वाकडहून एका परिचारिकेचं पत्र)

मेचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर. ऑक्टोबरात रंग सुरेख, पण दिवस लहान होतात आणि धुकं दहा-अकरापर्यंत उठत नाही. व्हिसा शेंगेन, त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ज्या गावाच्या नावाचा हा व्हिसा, ते शेंगेन मोझेलवरच आहे, लक्झेम्बर्गमध्ये. १४ जून १९८५ ला तिथे नदीत उभ्या असलेल्या बोटीवर करारावर सह्या झाल्या. ट्रीयरहून रेल्वेने पेर्लला उतरून पूल ओलांडला की पोचलात. एवढी कागदपत्रं गोळा केल्यावर अर्धा दिवस तिथे घालवाच.

सायकल तिथेच भाड्याने घ्या. ताब्यात घेताना पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते पाहा, बहुधा डाव्या हाताला असतो. काही सायकलींना पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो, आपल्याला ती सवय नसते. मोकळ्या जागेत दहा मिनिटं फिरवून मगच रस्त्यावर या. आणि उजव्या बाजूने चालवायचं, हे पहिल्या दोन दिवशी एकमेकांना बोलून दाखवत राहा.

प्रश्न : एवढं लांब कशाला? नाशिकला गोदावरी आहे, द्राक्षं आहेत, वाईनही आहे.

आहे, आणि जरूर जा. गंगापूर धरणाच्या आसपास जानेवारी-फेब्रुवारीत, तोडणी चालू असताना, सकाळी साडेसहाला निघालात तर पाण्यावरचा वारा, बागांचा वास आणि रिकामा रस्ता, सगळं मिळतं. दहा वाजले की मोटारी सुरू होतात. वेगळी सायकल-वाट नाही, त्यामुळे तोवर सायकल आत ठेवायची आणि दुपार एखाद्या वाईनरीच्या सावलीत काढायची. पुण्याहून सायकली गाडीच्या कॅरिअरवर टाकून न्या. पुणे-नाशिक रस्ता सायकलने करण्याचा हट्ट नको, ट्रकांची वर्दळ फार आहे. आणि नारायणगाव वाटेतच लागतं. सकाळच्या तोडणीची द्राक्षं रस्त्याकडेला मिळतात, तिथे नाश्त्याला थांबा.